तिकिटावरचं नाव

२०२५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीची गोष्ट. माझी भाची परीक्षेसाठी दिल्लीला निघाली होती. परीक्षेची तारीख उशिरा कळली, म्हणून तत्काळ तिकिटाशिवाय इलाज नव्हता. स्लीपरचं तत्काळ सकाळी अकराला उघडतं. पावणेअकरापासून ती मोबाइल घेऊन चटईवर बसली. नाव, वय, आधारची पडताळणी, सगळं तिने आदल्या रात्रीच भरून ठेवलेलं. तिची अम्मी चहा घेऊन आली, तर हिने नुसता हात वर केला. मी काही विचारणार, तोच म्हणाली, "मामू, आता दोन मिनिटं बोलू नका."

अकरा वाजले. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. ते थांबलं, ओटीपी आला, तो घातला, पैसे भरायचं पान उघडलं आणि पुन्हा चक्र. अकरा वाजून तीन मिनिटांनी तिने मोबाइल पालथा ठेवला. गोवा एक्स्प्रेसचं मिरज ते दिल्ली वेटिंग त्रेचाळीसवर गेलं होतं. थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, "तुमच्या काळी बरं होतं. खिडकीवर जायचं, तिकीट काढायचं, गाडीत बसायचं."

मला हसू आलं. आमच्या काळी बरं होतं, असं तरुण पोरांनीच म्हणावं आणि आम्ही ऐकावं! पण तिचं ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. खिडकीवरच्या त्या तिकिटाची गोष्ट काय होती? ते कुणाला मिळायचं, कुणाला मिळत नव्हतं, आणि आज बोटाच्या टोकावर आलेलं तिकीट नेमकं कुणाच्या बोटाशी येतं? आज त्याबद्दलच चार गोष्टी सांगाव्यात असं म्हणतो.

रेल्वेचं तिकीट म्हटलं की माझ्या पिढीला जाड पुठ्ठ्याचा तो लहानसा तुकडा आठवतो. सव्वादोन इंच लांब, सव्वा इंचाला जेमतेम कमी रुंद. हा तुकडा एका दिवाळं निघालेल्या सुताराने शोधला. थॉमस एडमंडसन त्याचं नाव. इंग्लंडातल्या लँकेस्टर गावचा, १७९२ चा जन्म. लाकडी सामान बनवण्यात हात बसलेला, पण स्वतःचा धंदा बुडाला. मग १८३६ मध्ये त्याने न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेच्या एका लहानशा स्टेशनावर स्टेशनमास्तरची नोकरी धरली. त्या वेळी घोडागाडीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक प्रवाशाला कारकून हाताने कागद लिहून देई. त्यात वेळ जाई आणि कारकुनाच्या मनात असेल तर पैसेही खिशात जात. एडमंडसनने पुठ्ठ्याचे सारख्या मापाचे तुकडे केले, त्यांवर आधीच गावांची नावं आणि ओळीने आकडे छापले, आणि तारीख ठोकण्यासाठी एक यंत्र बनवलं. संध्याकाळी खणातल्या वरच्या तिकिटाचा आकडा पाहायचा, त्यातून सकाळचा आकडा वजा करायचा. किती तिकिटं गेली ते कळलं. हिशेब संपला. हे तंत्र त्याने पुढे रेल्वे कंपन्यांना विकलं आणि स्वतःचं कर्ज फेडलं.

या तिकिटाची एक खूण मला फार मोलाची वाटते. त्यावर आकडा होता, गाव होतं, वर्ग होता, भाडं होतं. नाव मात्र नव्हतं. ज्याच्या हातात तिकीट, तो प्रवासी. तो कोण, कुणाचा, कुठल्या आळीतला, हे तिकीट विचारत नव्हतं.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि एकवीस तोफांची सलामी, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जिजीभाई यांनी ही रेल्वे यावी म्हणून खटपट केली, हेही आपल्याला ठाऊक असतं. पण त्या काळच्या भाड्याकडे सहसा कुणी पाहत नाही. मुंबई ते ठाणे एकवीस मैल. पहिल्या वर्गाला दोन रुपये दहा आणे. दुसऱ्याला एक रुपया एक आणा. तिसऱ्याला पाच आणे तीन पै. हिशेब मांडला तर तिसऱ्या वर्गाला मैलाला तीन पै आणि पहिल्याला मैलाला दोन आणे, म्हणजे चोवीस पै. एकाच इंजिनामागे, एकाच रुळावरून, एकाच वेळी पोहोचणाऱ्या दोन माणसांच्या भाड्यात आठपटीचं अंतर!

देशी लोक या आगीच्या गाडीत बसतील का, जातीपातीचं काय होईल, अशी शंका तेव्हा अनेक साहेबांना होती. लोकांनी ती शंका फार दिवस टिकू दिली नाही. जत्रेकरू, मजूर, व्यापारी, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी, सगळे स्टेशनावर लोटले. दहा प्रवाशांतले नऊहून अधिक तिसऱ्या वर्गाचे असत. कंपन्यांचा प्रवासी भाड्याचा गल्ला भरला तो या तीन पैवाल्यांनी. ज्या डब्यात एकमेकांच्या सावलीचं भय होतं, तिथे मांडीला मांडी लागली. हे काही समतेच्या प्रेमापोटी घडलं नाही. कंपनीला जास्तीत जास्त माणसं कोंबायची होती, म्हणून घडलं. पण घडलं.

कोंबण्याची ही हौस किती होती, ते गांधीजींनी १९१७ साली लिहून ठेवलं आहे. दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर ते मुद्दाम तिसऱ्या वर्गाने फिरत. मुंबईहून मद्रासला जाताना त्यांनी तेरा रुपये नऊ आणे मोजले होते. डबा बावीस माणसांचा, असं त्यावर लिहिलेलं. प्रत्यक्षात माणसं किती चढली आणि डब्याची घाण कशी होती, याचं त्यांनी वर्णन केलं. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक, पण सोयी काय एक दशांश तरी मिळतात का, असा त्यांचा साधा सवाल होता. तिकीट मिळवण्यासाठी गरीब माणसाला जो त्रास सोसावा लागे, त्याचंही गाऱ्हाणं तेव्हापासूनचंच आहे. खिडकी गाडीच्या तोंडावर उघडे, पुढे झुंबड उडे आणि सुटे पैसे परत मिळणं कारकुनाच्या मर्जीवर असे. तेव्हा भाचीला सांगायचं ते एवढंच, की खिडकीसमोर बरं असं कधीच नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरही तिसरा वर्ग पंचवीसहून अधिक वर्षं राहिला. १९७४ साली तो नावाने गेला आणि त्याचा दुसरा वर्ग झाला. पाटी बदलली, बाक लाकडाचेच राहिले. त्या बाकांवर दोन इंचांची गादी यायला कोकणातून निवडून गेलेले मधु दंडवते रेल्वेमंत्री व्हावे लागले. १९७७ ते १९७९ या त्यांच्या कारकिर्दीत दुसऱ्या वर्गाच्या शयनयानाला फोमच्या गाद्या लागू लागल्या. मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस त्यांनी १९७७ च्या डिसेंबरात सुरू केली, तीही पहिला वर्ग न ठेवता. दोन इंच म्हणजे किती, हे ज्याने रात्रभर फळीवर पाठ टेकली आहे, त्यालाच कळेल.

मी मिरजेचा. माझ्या लहानपणी मिरज स्टेशनावर तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडची मोठी गाडी, लोंढ्याकडची मीटर गेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट. आषाढीच्या दिवसांत या धाकट्या गाडीच्या टपावरसुद्धा वारकरी बसलेले असत. माझे अब्बा तंबोरे बनवत. आमच्या आडनावातच आमचा धंदा आहे. भोपळा घोटणं, दांडी बसवणं, जवारी काढणं, हे सगळं ते घराच्या ओसरीवर करत आणि वर्षातून दोनदा तयार तंबोरे घेऊन मुंबईला जात. भोपळ्याचं वाद्य गर्दीत नेता येत नाही. एक धक्का लागला की चार महिन्यांची मेहनत फुटते. म्हणून आमच्या घरात रिझर्व्हेशन हा चैनीचा विषय नव्हता, तो पोटाचा विषय होता. वरचा बर्थ तंबोऱ्याला आणि अब्बा त्याच्या पायाशी अंग चोरून, असा त्यांचा प्रवास.

त्या वेळी आरक्षण वहीत होई. प्रत्येक गाडीची वेगळी वही, मोठ्या स्टेशनावर वेगळी खिडकी. एका गाडीच्या रांगेत तीन तास उभं राहून जागा नाही असं कळलं, की दुसऱ्या गाडीच्या रांगेत शेवटी जाऊन उभं राहायचं. लहान स्टेशनांना ठरावीक जागांचा कोटा असे. तो संपला की मोठ्या स्टेशनाला तार जाई आणि उत्तराची वाट पाहावी लागे. परतीचं तिकीट तर नशिबाच्या भरवशावर. अब्बा पहाटे चारला जाऊन रांगेत वीट ठेवत. ते चहाला गेले तरी विटेचा नंबर राही, आणि लोक तो पाळत. पण आतल्या दाराने आलेल्या चिठ्ठीला वीट अडवू शकत नव्हती. वहीत कुणाचं नाव वर जाईल आणि कुणाचं खाली, हे वही उघडणाऱ्याच्या हातात होतं.

म्हणूनच १९८५ च्या नोव्हेंबरात नवी दिल्लीला संगणकावर आरक्षण सुरू झालं, ती मला आपल्या काळातली एक मोठी पण शांतपणे झालेली क्रांती वाटते. सीएमसी या सरकारी कंपनीने ती प्रणाली तयार केली होती. पुढच्याच वर्षी रेल्वेच्या संगणककामासाठी 'क्रिस' ही स्वतंत्र संस्था निघाली. माधवराव शिंदे रेल्वे राज्यमंत्री असतानाच्या त्या वर्षांत मुंबई, कोलकाता, मद्रास, सिकंदराबाद इथेही संगणक आले. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. वही बंद झाली आणि वहीबरोबर तिच्यातली खाडाखोडही गेली. तरी या पाच शहरांचे संगणक एकमेकांशी बोलत नव्हते. ते सगळे जोडले गेले १९९९ च्या एप्रिलमध्ये. मग मिरजेत उभं राहून दिल्लीहून परतीचा बर्थ पक्का करता येऊ लागला. तिकिटावर दहा आकड्यांचा पीएनआर आला. पॅसेंजर नेम रेकॉर्ड, म्हणजे प्रवाशाच्या नावाची नोंद. त्याचे पहिले तीन आकडे ही नोंद कुठल्या संगणकाची ते सांगतात.

त्या संक्षिप्त शब्दातलं मधलं अक्षर पाहा. एन, म्हणजे नाव. एडमंडसनच्या पुठ्ठ्याने जे विचारलं नव्हतं, ते आता यंत्र विचारू लागलं. नाव वहीतही होतंच. पण आता ते छापून डब्यावर चिकटू लागलं.

इथे एक आठवण सांगतो. १९९२ च्या नोव्हेंबरअखेरीस अब्बा तंबोरे घेऊन मुंबईला गेले आणि तिथेच अडकले. डिसेंबर गेला, जानेवारी आला, आणि मुंबईत काय चाललं होतं ते मी सांगायला नको. जानेवारीच्या अखेरीस शहर थोडं शांत झालं, तेव्हा त्यांना आणायला मी गेलो. नुकताच बी.ए. झालो होतो. परतीची दोन तिकिटं महालक्ष्मी एक्स्प्रेसची. एक तंबोरा विकला गेला नव्हता, तो चादरीत गुंडाळलेला. व्हीटीच्या फलाटावर आम्ही आमच्या डब्यापाशी आलो. दाराशेजारी संगणकाने छापलेला तक्ता डिंकाने चिकटवलेला. नाव, वय, स्त्री की पुरुष, बर्थ नंबर. दहाबारा माणसं बोट फिरवत वाचत होती. माणूस आपलं नाव शोधतो आणि ते सापडलं की वरखालची नावंही वाचतो, ही माणसाची सवय आहे. एरवी तिच्यात काहीच नसतं. त्या संध्याकाळी एक बोट आमच्या नावांवर थांबलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी अब्बांना हळूच म्हणालो, "जनरल डब्यात बसू या. तिथे नाव नसतं."

अब्बा म्हणाले, "वाचू दे. तिकिटाचे पैसे त्याच नावाने भरलेत."

आत गेलो. समोरच्या बाकावर साठीचे एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि एक नातू. ते बराच वेळ चादरीत गुंडाळलेल्या वस्तूकडे पाहत होते. कल्याण गेलं. मग त्यांनी बाहेरच्या तक्त्यावर वाचलेलं आमचं आडनाव उच्चारलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही मिरजेचे. तंबोरेवाले ना?" अब्बांनी मान हलवली. ते म्हणाले, "आमच्या घरी एक आहे, तुमच्याच आळीतला. जवारी गेलीय. पाठवला तर काढून द्याल का?" त्यानंतर कर्जतपर्यंत दोघं तारा, भोपळे आणि खर्ज यांवर बोलत राहिले. त्यांच्या पत्नीने दशम्या पुढे केल्या. रात्री झोपताना ते गृहस्थ नातवाला म्हणाले, "वरच्या बर्थला धक्का लावू नको रे, वाद्य आहे."

ही गोष्ट मी सगळे कसे गुण्यागोविंदाने राहतात हे दाखवायला सांगत नाही. त्या रात्री वेगळा माणूसही समोर बसू शकला असता, आणि अनेकांच्या समोर बसला असेल. मला एवढंच म्हणायचं आहे, की कागदावरचं नाव वाचणाऱ्याच्या डोळ्यांप्रमाणे बदलतं. ज्या नावाने माझ्या पोटात गोळा आला, त्याच नावाने समोरच्याला आपला तंबोरा आठवला. डब्यांवर असे तक्ते लावणं रेल्वेने २०१८ च्या मार्चपासून मोठ्या स्टेशनांवर बंद केलं. कागद वाचवणं हे त्यामागचं कारण. मी मात्र ती बातमी दोनदा वाचली होती.

आता पुन्हा तिकिटाकडे. रेल्वेच्या खानपान आणि पर्यटन महामंडळाने, म्हणजे आयआरसीटीसीने, ३ ऑगस्ट २००२ पासून इंटरनेटवर तिकीट विकायला सुरुवात केली. सुरुवातीला पैसे संगणकावर भरायचे आणि छापील तिकीट कुरिअरने घरी यायचं. गंमत म्हणजे तिकीट गाडीच्या आधी घरी पोहोचेल ना, ही नवी काळजी लागली. २००५ मध्ये ई-तिकीट आलं. घरीच छापून घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा. पुढे मोबाइलवरचा संदेशही चालू लागला. आज आरक्षित तिकिटांपैकी पाचांत चारांहून अधिक तिकिटं अशी घरबसल्या निघतात. तालुक्याच्या गावातून रात्रीचा मुक्काम करून जिल्ह्याच्या स्टेशनावर रांग लावणारा माणूस यामुळे सुटला, हे विसरून चालणार नाही.

पण रांग संपली का? ती दिसेनाशी झाली, एवढंच. पूर्वी पुढे कोण उभं आहे ते दिसायचं, भांडता यायचं. आता एका क्षणी लाखो माणसं एका दारावर धडकतात आणि कुणाला कुणी दिसत नाही. तत्काळ योजना सुरू झाली १९९७ च्या डिसेंबरात. अडल्यानडल्याला, कुणाच्या मयताला, कुणाच्या आजारपणाला ऐन वेळी जाता यावं म्हणून. अडलेला माणूस जिथे येतो, तिथे त्याच्या गरजेवर जगणाराही येतो. दलालांनी आधी खोट्या नावांनी तिकिटं साठवली, मग नावं भरणारी संगणकी हत्यारं आणली. तिकिटांचा असा चोरटा धंदा करणाऱ्याला १९८९ च्या रेल्वे कायद्यात तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. तरी आमच्या ओळखीत एकाने मुलाच्या ऑपरेशनसाठी जाताना अशाच एका माणसाला तिप्पट पैसे दिले. तिकिटावर नाव दुसऱ्याचं, वय एकवीस. जाणारा बाप पन्नाशीचा! तपासनिसाने दंड केला. त्याचंही बरोबरच होतं.

म्हणून नावाची पकड घट्ट होत गेली. २०१२ मध्ये सर्व आरक्षित वर्गांना ओळखपत्र सक्तीचं झालं. २०२५ च्या जुलैपासून ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणी आली, पाठोपाठ ओटीपी, आणि पहिल्या अर्ध्या तासात एजंटांना मज्जाव. याने दलालांना चाप बसतो हे खरं. म्हणजे नाव विचारण्याला कारण आहे, आणि ते कारण आपणच दिलं आहे. एडमंडसनने अप्रामाणिक कारकुनासाठी आकडा छापला. आपल्याला अप्रामाणिक दलालासाठी नाव, वय आणि आता आधारची पडताळणी लागते.

भाड्याचीही तीच कथा. १८५३ मध्ये भाडं डब्याच्या दारावर ठरत होतं. आता ते काही गाड्यांत घड्याळावर आणि गर्दीवर ठरतं. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला फ्लेक्सी भाडं लागलं. पहिल्या दहा टक्के जागा मूळ दराने, नंतर दर दहा टक्के जागा विकल्या की भाडं दहा टक्क्यांनी वर, दीडपटीपर्यंत. ओरड झाली तेव्हा २०१८ मध्ये ही कमाल मर्यादा एक पूर्णांक चार पटीवर आणली आणि काही रिकाम्या धावणाऱ्या गाड्यांतून योजना काढून टाकली. यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चढतं भाडं सुरुवातीपासून स्लीपरला आणि थ्री एसीला होतं, फर्स्ट एसीला मात्र नव्हतं. पहिल्या वर्गाचं भाग्य काही संपत नाही.

मग साध्या माणसाने स्वस्त तिकीट कसं काढावं? याचं उत्तरही इतिहासातच आहे. आपल्याकडे अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा दर उतरत जातो. म्हणून एकाच प्रवासाची दोन तुकड्यांत दोन तिकिटं काढली तर ती महाग पडतात, सलग एक तिकीट स्वस्त पडतं. पाचशे किलोमीटरच्या पुढच्या साध्या तिकिटावर वाटेत नियमाप्रमाणे उतरून मुक्कामही करता येतो. आमचे जुने लोक नातेवाइकांच्या गाठीभेटी याच एका तिकिटात उरकत. निघाल्या ठिकाणीच परत आणणारं चक्रीय तिकीट तर आता लोक विसरूनच गेले आहेत. साध्या मेल-एक्स्प्रेसला चढतं भाडं नाही, चार तास जास्त लागतात, एवढंच. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. २०२४ च्या नोव्हेंबरपूर्वी ते एकशेवीस दिवस होतं. वेटिंगमध्येही फरक असतो. गाडी जिथून सुटते तिथल्या सर्वसाधारण कोट्याचं वेटिंग लवकर सरकतं, अधल्यामधल्या स्टेशनांच्या कोट्याचं रेंगाळतं. आणि घरून तिकीट काढताना महामंडळ जे शुल्क घेतं ते बिनएसीला पंधरा आणि एसीला तीस रुपये अधिक कर, यूपीआयने भरलं तर दहा आणि वीस. खिडकीवर तेवढेही नाहीत. त्याहून जास्त कुणी मागत असेल, तर तो कशाचे मागतो आहे ते विचारावं.

हे सगळं ज्याला कळतं त्याला स्वस्त तिकीट मिळतं, आणि ज्याला कळत नाही तो जास्त पैसे भरतो किंवा उभा राहून जातो. पूर्वी वशिला ही दौलत होती. आता माहिती, चांगलं नेटवर्क आणि चपळ बोटं ही दौलत आहे. आमच्या गल्लीतल्या ज्या हमालाला मोबाइलवर फक्त फोन घेता येतो, त्याच्यासाठी रांग पूर्वीइतकीच लांब आहे. ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये, करोनाच्या सुरुवातीला, थांबली ती परत आलेली नाही. तीन पैंचा हिशेब करणारा माणूस अजून आहे. त्याचा हिशेब कोण करतो, हा प्रश्न १८५३ पासून तसाच आहे.

भाचीचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. तिने संध्याकाळपर्यंत शोधाशोध केली. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसचं वेटिंग नऊ मिळालं. मिरज ते पुणे वेगळं साधं तिकीट काढायचं ठरलं. दोन तुकडे म्हणजे थोडे जास्त पैसे, पण इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टेशनावर गेलो. ती मोबाइलवर चार्टची वाट पाहत बाकावर बसली आणि मी खिडकीवर गेलो. माझ्या पुढे एक म्हातारी होती. तिने पदराच्या गाठीतून नोटा काढल्या, आतल्या बाईने "कुठलं?" विचारलं, म्हातारीने गाव सांगितलं, तिकीट आलं. मग माझी पाळी. तेच दोन प्रश्न.

"कुठलं?"

"पुणे."

"किती?"

"एक."

बस्स. नाव नाही, वय नाही, आधार नाही. एडमंडसनचा पुठ्ठा गेला, तिथे पातळ कागद आला, पण त्याची रीत या एका खिडकीत अजून शिल्लक आहे. मी तिकीट घेऊन वळलो, तर भाची हसत उठली. आर.ए.सी. झालं होतं. अर्धा बर्थ, पण बसायची जागा पक्की. तिच्या मोबाइलवरच्या तिकिटात तिचं पूर्ण नाव होतं, आमचं तेच आडनाव. माझ्या हातातल्या कागदावर फक्त मिरज आणि पुणे. मी तो तिला दिला.

गाडी आली. ती जनरल डब्यात चढली, दारातल्या एका बाईने तिची बॅग आत ओढून घेतली आणि सरकून जागा केली. नाव न विचारताच.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)